डाव्या खांद्याखालचा डाग

४ फेब्रुवारी १९५८, मंगळवार

आला! मेला शेवटी पनवेलला आलाच तो सिनेमा.

दुपारी घोडागाडी फिरली कर्णा लावून. काळूरामशेटच्या तंबूत, पळस्प्याच्या रस्त्याला, कालपासून रोज दोन खेळ — "फक्त प्रौढांसाठी!" मी दूध तापवत होते. सगळं उतू गेलं, चूल विझली, आणि मी सांडशी हातात घेऊन तशीच उभी. मालूने विचारलं, "आई, प्रौढ म्हणजे काय गं?" म्हटलं, म्हातारे. ती म्हणाली, मग बाबांनी जायला हरकत नाही.

सिनेमाचं नाव इथेसुद्धा लिहिणार नाही. मुंबईत दिवाळीला लागला तेव्हा वाटलं होतं, ठाण्यापर्यंत येईल आणि जाईल. पनवेलला कोण आणतंय असलं! काळूरामशेटने आणलं.



५ फेब्रुवारी

तोंड दिसत नाही. तोंड दिसत नाही. तोंड दिसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

मी तेव्हा वेणू. लग्नाआधीची. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि मी दादरला एका सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपटात शिवणावर. पोलकी उसवायची, नटीच्या अंगासरशी पुन्हा शिवायची, असली कामं. एक दिवस नटी अडून बसली. नहाण्याचा प्रसंग होता — पाठमोरी, कमरेपर्यंत उघडी, अंगावर तांब्याने पाणी ओतून घ्यायचं. ती म्हणाली, जीव गेला तरी करणार नाही. दिग्दर्शक सगळीकडे बघत सुटला. मी तिथेच, तोंडात टाचण्या धरून बसलेली. "हिची पाठ चांगली सरळ आहे. बाई, तोंड दिसणार नाही तुमचं."

मी बसले. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नुसती थंडी वाजली. लहानपणी बंबाला पाठ लागून भाजलं होतं, डाव्या खांद्याखाली डाग आहे. आई त्याला करंजी म्हणायची. रंगवणाऱ्याने त्यावर पावडर थापली, ती पहिल्याच तांब्याला वाहून गेली. पुन्हा थापायला कुणी आलं नाही, मीही आठवण केली नाही.

मग सिनेमाच अर्ध्यात बंद पडला. निर्मात्यांची भांडणं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, वेणूची चंद्रावती झाले, वकिलांच्या घरात आले. इकडे सांगितलेलं एवढंच की मुलगी शिवणाच्या वर्गावर शिकवायची. आणि आता आठ वर्षांनी कुणा दुसऱ्याने तो सिनेमा उकरून काढला, पुरा केला, आणि माझी पाठ घेऊन माझ्याच दारात आला!

गोष्ट काय आहे म्हणे — एक मोठा माणूस, सकाळी देवळाचा पंच, संध्याकाळी दुसऱ्या घरी. त्या दुसऱ्या घरातली बाई नहाते ती मी.

७ फेब्रुवारी

आमचे हे शीलरक्षण समितीचे अध्यक्ष झाले. काल संध्याकाळी समिती निघाली, काल संध्याकाळीच अध्यक्ष!

बैठक आमच्याच ओटीवर. चार वेळा चहा केला. ठरलं असं की आधी सिनेमा बघितला पाहिजे, नाहीतर मामलेदार विचारतील, आक्षेपार्ह काय ते दाखवा. तर उद्या समितीसाठी खास खेळ. सगळे अगदी नाइलाजाने तयार झाले. एकालाही दुसरं काम निघालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कालचं लिहिते. काल हातच चालत नव्हता.

हे परत आले ते लाल झालेले. पानावर बसले. मी भाकरी वाढत होते.

"पाठ! सबंध उघडी पाठ! आणि वर डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग, हा एवढा, करंजीसारखा. तो तरी झाकावा! पण नाही!"

भाकरी माझ्या हातातच राहिली. आता वर बघतील, आता माझ्याकडे बघतील. मालूच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं आजचा दिवस शेवटचा. हिला माझ्यापासून तोडतील, मला माहेरी गिरगावात नेऊन सोडतील, आणि तिथे आता माझं आहे कोण!

"तूप वाढ," म्हणाले.

बस्स. तूप वाढ.

रात्रभर मी विचार करतेय. आठ वर्षं! एक लेक झाली आम्हाला! पण ह्यांची रीत ठरलेली — सोमवार नाही, एकादशी नाही, चातुर्मास नाही, आणि उरलेल्या दिवशी आधी दिवा मालवायचा. फुंकर मारून पुन्हा हाताने चाचपून बघतात, विझला ना म्हणून. नंतर उठून पाय धुतात आणि स्तोत्र पुटपुटत कूस बदलतात. ह्यांना माझ्या पाठीवर काय आहे हे ठाऊकच नाही. सिनेमातल्या बाईचा डाग करंजीसारखा आहे हे ठाऊक आहे!

वाचले. मग रडू का येतंय मला?

ता. क. समितीने तो प्रसंग तीनदा लावायला सांगितला म्हणे. टिपणासाठी.

१० फेब्रुवारी

शेजारच्या कमळाबाई आल्या. "मी नाही बाई असलं बघायची. शी! नाव काढू नका!" मग पिठाची वाटी हातात धरून दारातच थांबल्या. "— पण शेवटी तो तिला सोडतो का हो? वकीलसाहेब काही बोलले का?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

ज्याची भीती नव्हती ते झालं.

हौसा आली. गव्हाणची हौसा, मालूच्या वेळी मला शेकायला, तेल लावायला यायची ती. सासूबाई आधीच गेलेल्या, तेव्हा बाळंतपण सगळं तिच्याच हातचं. आज वाल घेऊन आली. ओसरीवर बसली, पाणी प्याली, आणि माझ्याकडे बघून नुसती हसायला लागली.

"काय गं?"

"काय नाय गो बाय. पिच्चर बघून आलंय. ती पाठ मी वलखली."

मी म्हटलं, कुठली पाठ?

"आता गो! सव्वा महिना ह्या हातांनी रगडली, मना नाय वलखायची? तवा किती वाळकी व्हतीस! पन काय गो, तुजा डाग डावीकडं. तितं उजवीकडं दिसला. मी म्हनलं, ही कोन दुसरीच हाय. मंग आमचा शिवा म्हनला, आये, आपन पडद्याच्या मागं बसलोय, आपल्याला समदं उलटं दिसतंय. खरंच! समदे डाव्या हातानं जेवत व्हते!"

तंबूत स्वस्तातली जागा पडद्याच्या मागे असते. पुढे खुर्च्या आणि बाकं, मागे मातीवर बसायचं. पडदा पातळ, चित्र आरपार दिसतं, पण डावं ते उजवं होतं.

मी तिचे हात धरले. हौसा, कुणाला बोलू नकोस, तुझ्या पाया पडते. आत गेले, नवं लुगडं काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिचं तोंडच उतरलं. लुगडं बाजूला सारलं.

"मी मागायला आलंय का? चांगली दिसलीस म्हनून सांगायला आलं."

आणि गेली. वाल तिथेच.

१३ फेब्रुवारी

रुसून गेली. रागाच्या भरात बोलली तर? बाजारात दहा जणींत बसते ती. आमटीत दोनदा मीठ पडलं. हे तशीच भुरकून घाईत समितीच्या कामाला गेले. रोज संध्याकाळी समितीचं काम.

१५ फेब्रुवारी, शनिवार

देवा रे!

त्या नटीने एका मासिकात छापून आणलंय, "ती पाठ माझी नव्हेच." हे ते मासिक घेऊनच ओटीवर आले. समिती जमली. "मग कुणाची?" एक म्हणाला, कुणी बाजारबसवीच असणार. दुसरा म्हणाला, नाव शोधून जाहीर केलं पाहिजे, चांगल्या घरात लपून बसली असेल तर? हे म्हणाले, "मी स्वतः दादरला जातो. येत्या शनिवारी, पहिल्या एस.टी.ने. नाव घेऊनच येईन."

मी दाराआड बशा घेऊन उभी. एक बशी पडली, फुटली. "काय फोडलंस गं?" म्हणाले. मी म्हटलं, हात ओला होता.

कपडेपटातल्या म्हाताऱ्याला माझं नाव, आडनाव, आईची खोली, सगळं ठाऊक आहे. तो कशाला लपवील? येता शनिवार. तोवर जीव टांगणीला.

१७ फेब्रुवारी

विहिरीच्या काठावर जरा वेळ बसले. मग मालू शाळेतून येईल म्हणून उठले. ह्याच्यापुढे काही लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

देवळापुढे जाहीर सभा झाली. बायका एका बाजूला, मी कमळाबाईंच्या शेजारी, पदर घट्ट लपेटून. ह्यांचा आवाज काय चढला होता!

"त्या बाईच्या उजव्या खांद्याखालचा तो डाग, बंधूंनो, तो आपल्या समाजावरचा डाग आहे!"

टाळ्या. कमळाबाईंनीही वाजवल्या.

उजव्या?

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांनी पुन्हा म्हटलं, आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात मारून दाखवला. समितीच्या खेळाहून आले तेव्हा डावा म्हणाले होते. भाकरी वाढत होते मी, कशी विसरेन! समिती पुढे खुर्च्यांवर बसली होती. उजवीकडे दिसतो तो मागे मातीवर बसणाऱ्यांना.

"रोज संध्याकाळी समितीचं काम."

अगं बाई!

२० फेब्रुवारी

गव्हाणच्या वाटेवर सकाळीच जाऊन हौसाला गाठलं. आधी लुगड्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, मी कवाच विसरलं. मग विचारलं.

"तुला म्हाईत नाय? मी त्या दिवशी बोलनार व्हतं, पन तू लुगडं काढलंस. वकीलसायेब रोज असतात गो, आमच्यात. डोईवरनं घोंगडी घेऊन, कोपऱ्यात. तितं कोन पनवेलचं मोटं मानूस येतंय वलखायला! ती न्हातानाचं संपलं की उठून जातात. बाकीचा पिच्चर बघतच नाय."

मी हसायला लागले. मग हसू थांबेना. हौसा घाबरली, पाणी दिलं.

येताना रस्ताभर संताप. कुणावर तेच कळेना. घोंगडी पांघरून मातीत बसायचं, कशासाठी — जे घरात हाताच्या अंतरावर निजलेलं असतं त्यासाठी! मला माझ्याच पाठीचा हेवा वाटतोय. वेड लागलंय मला. तिच्यासाठी हे रोज पळस्प्याच्या रस्त्याला चालत जातात, माझ्यासाठी दिवा फुंकतात.

आणि मी? मी तर ती कधी पाहिलीसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मामलेदारांचा हुकूम आला, खेळ बंद. काळूरामशेट तंबू सोडतोय. समितीने पेढे वाटले. ह्यांनी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून बसले. चेहरा पार उतरलेला. सगळ्यांना वाटलं श्रम झाले.

पण उद्याचं ठरलेलंच आहे. पिशवी भरून दारात ठेवलीय. धोतर, टिपणवही, तहान लागेल म्हणून तांब्या. मीच भरून दिली. उद्या संध्याकाळपर्यंत नाव घेऊन येतील. वेणू.

सांगू का आधीच? तोंडातून शब्द फुटणार नाही. नाही सांगितलं तर दादरचा म्हातारा सांगेल. माझ्याबद्दल कुणी परक्याने ह्यांना सांगावं — ते मात्र नको. काय व्हायचं ते होवो, त्या म्हाताऱ्याच्या तोंडून नको.

आमच्या न्हाणीघराला कौलात काच आहे. सकाळी ऊन बरोबर दगडावर पडतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मालूला कमळाबाईंकडे पाठवलं. दाराची कडी लावली नाही. ह्यांना हाक मारली, "जरा आत या, पाठ चोळायला हात पोचत नाही." कोट घातलेला होता. दारात आले आणि तिथेच थांबले.

मी वळून पाहिलं नाही. उन्हात उघडी पाठ करून दगडावर बसले होते, तांब्याने अंगावर पाणी ओतून घेतलं. 

मग म्हणाले, "डावीकडे आहे."

मी म्हटलं, "हो. पडद्याच्या पुढे बसलं की डावीकडेच दिसतो."

रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. दोघांनीही ऐकला. हे कोटासकट ओल्या जमिनीवर बसले.

"पाणी निवतंय," म्हणाले. "तांब्या दे इकडे."