भट्टीचं फुगलेलं भांडं

४ सप्टेंबर १९६१, अकोला

भांडं फुगलंय. फुगलंयच! मिठाच्या भट्टीतलं लोखंडी भांडं — ज्या वितळलेल्या मिठात जिनिंगची पाती बुडवून आम्ही कडक करतो, तेच. आज पट्टी लावून पाहिलं. चांगलं पोट सुटलंय. मालक चिंतामणराव हसले. "भरलं पोट म्हणजे बरकत, सुपरवायझर!"

बरकत? डोकं फिरलं माझं. लाल झालेलं लोखंड मऊ पडतं, मिठाच्या वजनानं रोज थोडं थोडं ताणलं जातं. परत जागेवर येत नाही ते.

१२ सप्टेंबर

आतूनही खाल्लंय. आकडी घालून चाचपलं — काठाखाली खड्डेच खड्डे. पाण्यानं लोखंड गंजलं तर निदान तांबडा थर दिसतो. वितळलेलं मीठ तो थरच विरघळवतं आणि खालचं कोरं लोखंड खायला घेतं. आतून पातळ, बाहेरून फुगीर — फाटायला आणखी काय लागतं?

निकेल-क्रोमच्या मिश्रधातूचं भांडं मागवा म्हणालो. "पुढच्या हंगामात बघू." आणि तोवर त्या भट्टीपुढं उभं कोण राहणार? माझे बाबा!

१३ सप्टेंबर

बाबांशी भांडलो. "काहून मालकाच्या मागं लागून राहिला? नोकरी जाईन तुही. आपल्यात पह्यला डिप्लोमावाला हायेस तू." मालकापुढं मान खाली आणि घरी मला शहाणपण! माय मधे पडली म्हणून जेवलो.

१७ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. या पूजेसाठीच तेवढी भट्टी वर्षातून एकदा विझते. आम्ही पूजेत नसतो. छप्पन सालापासून आमचा दसरा नागपूरला, दीक्षाभूमीवर. मायला मी नेतोय. बाबांना रजा नाही — दसऱ्याच्या मुहूर्तावर भट्टी त्यांनी पेटवायची.

मीठ पातळ असतानाच मधोमध पहार उभी करून ठेवली. मीठ तिच्याभोवती तसंच गोठू द्यायचं. पेटवताना तळाचं मीठ आधी वितळून फुगतं. तापलेल्या पहारीच्या कडेनं त्याला वर यायला वाट मिळते. नाहीतर वर दगडासारखी खपली, खाली दाब — आणि असलं हे भांडं! सगळ्यांना बजावलंय. चिंतामणरावांनाही.

२० ऑक्टोबर

स्टेशनवर उतरलो तर निरोप — बाबा इस्पितळात. दोन्ही पाय भाजलेत. बरोबर पोटावरच फाटलं भांडं.

पहार नव्हतीच! चौकीदार डोमाजीनं सांगितलं — "मालकानंच काढाले लावली. म्हने, पूजेले भांडं साफ दिसलं पायजे." मीठ गोठायच्या आधीच काढली. नरडं धरावंसं वाटतंय त्या माणसाचं.

२१ ऑक्टोबर

बाबा कण्हतात. डॉक्टर नीट बोलत नाहीत.

२३ ऑक्टोबर

फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले. मी वाट पाहत होतो — आता तरी बोलतील. बाबा म्हणाले, "पहार म्याच काढली, साहेब. कोनाचा कसूर नाही."

खोटं! धडधडीत खोटं! का, विचारलं तर म्हणे, "तू गप राय." आयुष्यभर हेच केलं यांनी. पाय भाजून निघाले तरी मालकाची भीती गेली नाही. लाज वाटते मला या बापाची. बोलणार नाही त्यांच्याशी.

२ डिसेंबर

नवं भांडं आलं. निकेल-क्रोमचं! मी चिंतामणरावांकडे पाहतच राहिलो. ते मान खाली घालून म्हणाले, "जबाबाच्या आधी तुझ्या बापानं, श्रावणनं, माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाला, मी आळ माह्यावर घेतो, पन त्या भट्टीवर माहा पोरगा हाये — पह्यले भांडं बदला."

इतके दिवस मी बाबांशी एक शब्द बोललेलो नाही.