टोपली डोक्यावर जाईना

प्रिय पंचफुला,

आज सकाळी नागपूरच्या मॅडमचा फोन आला. वॉर्डात तुझ्या बाजूच्या खाटेवर होत्या ना, शाळेत शिकवणाऱ्या, त्याच. "पंचफुलाताईंना द्या ना जरा," म्हणाल्या. मी म्हणालो, "ते तलावावर गेली जी." असं का म्हणालो, माझं मलाच कळलं नाही. मग खरं सांगितलं, तू गेलीस म्हणून. त्यांनी हळूच विचारलं, "कधी?"

"चार महिने झाले जी."

फोन ठेवला आणि वही घेतली. एक गोष्ट चार महिने कोणाला सांगितली नाही. तुला ती अर्धीच माहीत आहे. लिहायला बसलो की हात शाळेतल्या भाषेत जातो, काय करू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन जी, मास्तर होऊन राह्यले का?"

तुझ्या दुखण्याची सुरुवात मला अजून दिसते. मूल गावच्या बाजाराचा दिवस होता. तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून तू मासोळी टोपलीत भरलीस, डोक्यावर चुंबळ ठेवलीस आणि टोपली उचललीस. ती छातीपर्यंत येऊन थांबली. पुन्हा उचललीस, पुन्हा तिथेच.

"अवो, हात वर जाऊन नाई राह्यले," तू म्हणालीस.

आणि मी काय म्हणालो? "बाजाराचा कंटाळा आला असं सांग ना सरळ!" पाळीवरचे सगळे हसले. तूही हसलीस. वीस वर्षं ज्या बाईने ती टोपली उचलली, तिला मी कामचुकार म्हटलं, तेही चार लोकांत!

मग उकिडवं बसल्यावर उठता येईना. आधी जमिनीला हात टेकायचीस, मग गुडघ्याला, मग भिंतीला. वेणी घालायला हात जाईनात, म्हणून एक दिवस केसच कापून घेतलेस. मी चिडलो. पण मला सांगायचं तरी होतंस! मी घातली असती वेणी. घातली असती का? खरं लिहितो, तेव्हा नसती घातली.

तोपर्यंत तुझ्या पापण्या काळवंडल्या होत्या. गालावर, गळ्याखाली, मानेवर तोच रंग चढला. बोटांच्या पेरांवर खरखरीत डाग आले, कातडी फाटली. मी म्हणालो, मासोळी साफ करून असं होतं. एका डॉक्टरने सांगितलं, उन्हाने काळं पडलं. दुसऱ्याने सांगितलं, रक्त कमी आहे. लाल औषधाच्या बाटल्या झाल्या, मलम झालं. आठ महिने असेच गेले.

आता ती गोष्ट.

त्या आठ महिन्यांत आपल्या घरी रोज कोण यायचं? शेजारची गिरजामाय. म्हातारी, एकटी, जंगलात मोहाची फुलं आणि त्याच्या टोळी-बिया वेचून जगणारी. तुझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणायची, "काय झालं व बाई तुले?" मग कोणीतरी बोललं की म्हातारीने हात लावल्यापासूनच तोंड काळं पडलं. तुला वाटायचं हे गावाने उठवलं. मी तुला तसंच सांगितलं होतं.

पंचफुला, पहिल्यांदा ते मी बोललो. पाळीवर, जाळं सोडवताना. "म्हातारीच्या हातानं काही तरी झालं," असं मीच म्हणालो. कोणावर तरी राग काढायचा होता. लोकांनी ते उचललं. करणी बघणाऱ्या पुजाऱ्याकडे लिंबू घेऊन मीच गेलो, त्याने नाव घेतलं नाही, मीच घेतलं, त्याने मान हलवली. आठ दिवसांत हापशीवर तिला पाणी भरू देईनात. कोणी तिच्या दारात शेण टाकलं. मग तिचा भाचा येऊन तिला आरमोरीला घेऊन गेला. जाताना ती आपल्या दाराशी थांबली होती. तू आत खाटेवर होतीस. मी दार लावून घेतलं.

तुला घास गिळता येईना तेव्हा दवाखान्याकडून घरोघर फिरणाऱ्या आशाताईने मला झापलं. "देवरावभाऊ, लिंबं काय कापून राह्यले? नागपूरले न्या तिले!"

नागपूरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुझे हात वर करायला लावले, पापण्या पाहिल्या, बोटं उलटसुलट करून पाहिली. रक्त घेतलं, मांडीतला बारीक तुकडा काढून तपासला. डर्माटोमायोसायटिस. हा शब्द मी पाठ केला. अंगाची राखण करणारी ताकदच आपल्या स्नायूंवर आणि कातडीवर उलटते, म्हणाल्या. कोणाचा स्पर्श लागत नाही, कोणाची नजर लागत नाही.

"आठ महिने कोनालेच कसं नाई समजलं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "आमच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या माणसांची असतात, दादा. त्यांच्या पापण्या जांभळ्या दिसतात. यांच्या रंगावर ते नुसतं काळं दिसतं."

बाजूच्या खाटेवर गोऱ्यापान मॅडम होत्या. त्यांचं तोंड लालेलाल झालं होतं, म्हणून तिसऱ्याच आठवड्यात निदान झालं. पलीकडे धानोऱ्याकडची नऊ-दहा वर्षांची गोंडाची पोर. तिच्या कोपरांत खड्यासारख्या गाठी, हात सरळ होईनात. तिला मराठी कमी यायची, तरी तुझ्याकडे बघून हसायची. रोग एकच आणि तिघींची तीन तोंडं! मॅडमचे हात सुधारले तसं त्या तुझे आखूड केस विंचरू लागल्या. तू डोळे मिटून बसायचीस. मी वीस वर्षांत तुझ्या केसांना कंगवा लावला नव्हता.

गोळ्यांनी तुझं तोंड सुजलं, साखर वाढली. उठून बसलीस, चार पावलं चाललीस. मला वाटलं सुटलो! पण घशाची ताकद काही परतली नाही. उशीर झाला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो उशीर कोणाचा, ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर तू पहिली गोष्ट काय म्हणालीस? "गिरजामायले घेऊन या. तिले सांगा, माझ्या दुखण्याले नाव हाय."

"हो, हो. तू बरी झाली की दोघं जाऊ," मी म्हणालो.

तू रोज विचारायचीस. मी रोज हो म्हणायचो. कसा जाणार होतो? तिथे गेलो असतो तर तिने तुझ्यासमोर विचारलं असतं, आधी कोण बोललं? तुला कळलं असतं. तुझ्या नजरेची भीती वाटली मला. ती बाई परक्या गावात बसली होती आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

त्या दुपारी मी पेज भरवत होतो. तुला ठसका लागला, थांबेना. पेज छातीत उतरली होती. पुन्हा दवाखाना, ताप, नाकात नळी. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. शेवटपर्यंत माझ्याकडे पाहत होतीस. तुला कळलं होतं का गं? चार महिने हाच एक प्रश्न मला खातो. याचं उत्तर आता कोण देणार?

गाव अजून म्हणतं, म्हातारीने खाल्लं. तुझ्या तेरवीतही दोघीजणी तेच बोलत होत्या. मी ताट वाढत पुढे गेलो.

मागच्या महिन्यात आरमोरीला जाऊन आलो. भाच्याने घर दाखवलं. गिरजामाय ओसरीवर बसली होती, मला पाहिलं आणि उठून आत गेली. तासभर उभा राहिलो. माफी न मागताच परत आलो.

तुला शब्द देतो. येत्या शुक्रवारी तलावात मोठं जाळं पडेल, सगळी मच्छीमार सोसायटी पाळीवर असेल. तेव्हा सगळ्यांसमोर सांगेन की तिचं नाव आधी मी घेतलं. मग मला जाळ्याला हात लावू देतील की नाही, माहीत नाही. त्याने तू परत येणार नाहीस. गिरजामायही येणार नाही, तिचं इथलं घर पावसात बसलं. कोणी ऐकून घेईल असंही वाटत नाही. तरी सांगेन.

तुझा,
देवराव