साडेसहाची नळी

प्रिय डाग्नी,

तुझी आई म्हणते, फोन कर, पत्र कसलं लिहीत बसलास. पण फोनवर तू हसशील, आणि तू हसलीस की मला पुढचं बोलता येत नाही. खांद्याचा पट्टा परवा निघाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मॅग्नम रायफल विसरा, बार उडताना बसणारा तो धक्का आता या खांद्याला सोसायचा नाही. कड्यावर बर्फ पडलाय, एल्क हरणं खाली उतरू लागलीत आणि मी खिडकीत बसून त्यांच्याकडे दुर्बिणीतून बघतोय. जीव नुसता तळमळतो.

तू साडेसहा मिलिमीटरची रायफल घेतलीस तेव्हा मी केवढी टर उडवली होती! असल्या काडीने खारी मारायच्या, एल्क नव्हे, असं भर दुकानात म्हणालो. ही गोळी वाऱ्यात कमी भरकटते आणि चाप ओढताना भीती वाटत नाही, एवढंच तू म्हणालीस. भीती हा शब्द मला झोंबला. पुढच्याच रविवारी तू नेमबाजीच्या रेंजवर माझ्या मॅग्नममध्ये गुपचूप रिकामं काडतूस सरकवलंस. नवशिक्यांची अशी परीक्षा मी स्वतः कितीदा घेतली असेल. बार होत नाही आणि धक्क्याच्या धास्तीने माणूस किती दचकतो ते सगळ्यांना दिसतं. मी असा दचकलो की टोपी खाली पडली. अख्खी रांग हसली, तू मात्र टोपी उचलून दिलीस. मी आठवडाभर तुझ्याशी धड बोललो नाही.

मग उन्हाळ्यातल्या स्पर्धेत तू हजार यार्डांवरचा निशाणाचा पोलादी पत्रा वाजवलास, तोही उलटसुलट वाऱ्यात. त्याचा मला आनंद झालाच. पण खरी मान ताठ झाली ती त्या पानगळीत. समोर सहाशे यार्डांवर मोठा नर एल्क उभा होता, वारा सारखा दिशा बदलत होता, आणि तू रायफल खाली ठेवलीस. आपला शेजारी वर्न खवचटपणे म्हणाला, हजारावर पत्रा वाजवणारीचे हात आत्ता का गळाले?

"पत्रा जखमी होऊन रानात पळत नाही, वर्नकाका," तू म्हणालीस.

ही गोष्ट मी गावातल्या कॅफेत इतक्यांदा सांगितली आहे की वाढणारी लोर्ना आता शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणते. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितोय.

काल मॅग्नम घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या एमेटच्या वर्कशॉपमध्ये गेलो. नळी बदलून दे म्हटलं. कुठलं कॅलिबर बसवू, त्याने विचारलं. साडेसहा म्हणालो, तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढा धक्का चालेल. तर हे पत्र त्यासाठी. सुट्टीला आलीस की मला रेंजवर ने आणि मला कळू न देता पुन्हा एकदा रिकामं काडतूस भर. दचकलो नाही, तर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मला तुझ्याबरोबर कड्यावर घेऊन चल. दचकलो, तर बंदूक तुझी. मी दुर्बीण घेऊन तुझ्या मागून येईन, आणि वारा कसा आहे ते तू विचारल्याशिवाय सांगणार नाही.

तुझाच,
बाबा