हेझलची टेकडी आणि एक जागरूक नागरिक

४ मे
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची सुरुवात कुणी लिहून ठेवत नाही आणि मग चरित्रकारांचे हाल होतात.
काउंटीकडून परवाना आला. गांजाची शेती, ना-नफा. उत्तर कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात गांजा सगळेच पिकवतात. पृथ्वीसाठी पिकवणारा मी एकटा. निम्मा नफा हवामानासाठी, निम्मा जमिनीसाठी. जमीन म्हणजे मळ्यामागची हेझलच्या झुडपांची टेकडी. ती मुळात नदीकाठच्या मूळ अमेरिकन जमातीची. सध्या माझ्या नावावर आहे, वडिलांनी घेतलेली. संस्था ती माझ्याकडून बाजारभावानं विकत घेईल आणि जमातीला सन्मानानं परत देईल.
टॅमसिनला योजना सांगितली. ती संस्थेची दुसरी विश्वस्त आणि तूर्त एकमेव कामगार. म्हणाली, मेरिट, तू ती नुसती देऊनच का टाकत नाहीस? तिला संस्थात्मक विचार जमत नाही.
संकल्प: स्वतः गांजा ओढणं बंद.

२१ मे
रोपं लावली. त्याआधी माझं भाषण. ‘ही भूमी मूळ लोकांची’ असं हल्ली इथला दंतवैद्यही दाढ उपटण्याआधी पुटपुटतो, पण इतकं सविस्तर कुणी केलं नसेल. लवॉन आत्या आल्या होत्या. जमातीतल्या टोपल्या विणणाऱ्यांत सर्वांत वयस्क. सगळं खोरं त्यांना आत्याच म्हणतं. सोबत भाचा कर्बी. जंगल निरोगी राहावं म्हणून पाचोळा-झुडपं नेमानं जाळणारं जमातीचं एक पथक आहे, त्याचा तो मुकादम.
“ही टेकडी तुमची होती, आहे आणि राहील,” असा मी समारोप केला. आत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग जाळायला कधी येऊ?”
लोक हसले. मीही हसलो, आणि सगळ्यांसमोर म्हटलं की केव्हाही या, तुमचंच आहे. टाळ्या. भाषण अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

२ जुलै
डिझेलचा जनरेटर आणला. तात्पुरता. सौरऊर्जा नफ्यातून घ्यायची आहे. नफा पिकातून, पीक पाण्यातून, पाणी पंपातून, पंप जनरेटरवर. विचार कुठेच चुकलेला नाही.
टॅमसिन म्हणते, ओढ्यात सॅमन माशांच्या पिल्लांना पोहायला पाणी उरलेलं नाही. मी ‘समतोल’ हा शब्द वापरला. ती पाइप उचलून निघून गेली.
संकल्पात दुरुस्ती: गुणवत्ता तपासण्यापुरता ओढायचा. फक्त संध्याकाळी.

१९ ऑगस्ट
गुणवत्ता उत्तम. काल काहीतरी महत्त्वाचं लिहायचं होतं.

११ सप्टेंबर
कर्बी आला. पहिली हलकी सर येऊन गेली की ऑक्टोबरात टेकडी जाळणार म्हणाला. आत्या मे महिन्यात चेष्टा करत नव्हत्या म्हणे.
हेझल जाळलं की नवे कोंब सरळ आणि लवचीक येतात, दोन हिवाळ्यांनी टोपल्यांच्या कामाला येतात. न जाळलेल्याच्या काड्या वाकड्या, मोडक्या. घरातल्या प्रत्येक बाळाला निजवायची टोपली आत्यांनी विणली आहे. आता नातीला शिकवायचंय आणि चांगली काडी कुठे उरलेली नाही. शिवाय आज पाचोळा जाळला की उद्याचा वणवा माजत नाही. हे मला का सांगतो? माझ्या भाषणात होतं सगळं.
पण माझं पीकही ऑक्टोबरातच तयार होतं. गांजाला धुराचा वास बसला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मग टेकडी विकत घ्यायला पैसा कुठला? म्हटलं, कापणीनंतर जाळा.
कर्बी म्हणाला, “कापणीनंतर खरा पाऊस लागतो, संस्थापकसाहेब. तो एप्रिलपर्यंत हटत नाही. तेव्हा तुमचं भाषणसुद्धा पेट घेणार नाही.”
उर्मट आहे. जमातीच्या सन्मानासाठी गप्प बसलो.

३ ऑक्टोबर
हलकी सर येऊन गेली. नंतर आत्या स्वतः आल्या. मी फार समजुतीनं बोललो: एकच वर्ष थांबा, पुढच्या वर्षी टेकडी कायद्यानंच तुमची असेल. आत्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.
“मी थांबेन रे पोरा,” म्हणाल्या. “या बोटांना विचारायला हवं.”
मला भरून आलं. संस्थेच्या मलमाची डबी दिली, गांजाचंच. फुकट.

७ ऑक्टोबर, सकाळ
उद्या जाळणार आहेत. स्वतःचा मळा पूर्ण बाजूला ठेवून विचार केला. धूर म्हणजे कार्बन. हवामान हे संस्थेचं पहिलं उद्दिष्ट. म्हणजे निष्कर्ष एकच.
हवा-नियंत्रण कार्यालयाला फोन करून तक्रार केली. बाईंनी नाव विचारलं. म्हटलं, एक जागरूक नागरिक. नाव नोंदवावं लागतं पण गोपनीय राहतं, म्हणाल्या. उत्तम व्यवस्था आहे.

८ ऑक्टोबर
सगळं पथक आलं. पिवळे शर्ट, मशाली, पाण्याच्या टाक्या, जेवणाचे डबे, पोरंबाळं. आत्या पुढे, नात शेजारी. तेवढ्यात हवा-नियंत्रण कार्यालयानं जाळण्याची परवानगी थांबवल्याचा फोन आला. मी फार हळहळलो. सरकारी कारभाराला चार शिव्या दिल्या, सगळ्यांना कॉफी पाजली. कर्बीनं घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिला.

१६ ऑक्टोबर
आभाळ भरतंय, कापून घेऊ, असा टॅमसिनचा धोशा. मी म्हटलं, आणखी आठवडाभर कळ्यांवर राळ धरू दे, नशा तिच्यातच असते. घाई हा भांडवलशाहीचा रोग आहे.
टेकडीची किंमत काढून घेतली. वाढली आहे. संस्थेला जड जाणार, वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर
पाऊस.

२९ ऑक्टोबर
पाऊस. बुरशी. कळ्या वरून हिरव्या, आतून राखाडी. सगळा मळा गेला.
टॅमसिननं राजीनामा दिला. कर्बीच्या पथकात चाललीय. जाताना म्हणाली, “वेळेवर कापला असता तर धुरकट मालही निदान अर्ध्या भावात तरी गेला असता.” संकटात माणसाला असं बोलतात का?
एकदा मनात आलं, टेकडी देऊनच टाकावी. पण मग संस्थेला उद्दिष्ट काय उरेल?

१४ नोव्हेंबर
सडलेला माल नष्ट करायचा आहे. जाळावा म्हणून हवा-नियंत्रण कार्यालयाकडे फोनवर परवानगी मागितली. त्याच बाई. त्या जागेवर धुराची तक्रार चालू आहे, निकाल लागेपर्यंत तिथे काहीही पेटवता येणार नाही. निकाल कधी? पुढचा ऑक्टोबरसुद्धा धरून चला, म्हणाल्या.
हा काय अन्याय? कुणी केली तक्रार, मी चढ्या आवाजात विचारलं. गोपनीय, म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज ओळखीचा वाटल्यासारखं, म्हणाल्या की तक्रारदारानं स्वतः येऊन मागे घेतली तर त्याच दिवशी मिटेल. फक्त मागे घेणाऱ्याचं नाव फलकावर लागतं.
फलक पोस्टाच्या दारात आहे. सगळं खोरं पत्रं न्यायला तिथेच येतं.

२ डिसेंबर
पोस्टात आत्या भेटल्या. हात कोटाच्या खिशात. मी म्हटलं, तो नागरिक कोण ते कळू दे, मी स्वतः त्याच्याशी बोलेन.
“बोल हो,” आत्या म्हणाल्या. “पण लवकर बोल. तिसरं बोटही आखडायला लागलंय.”
मलमाची दुसरी डबी पुढे केली. त्यांनी खिशातून पहिली काढून माझ्या हातावर ठेवली. उघडलेली नव्हती.
येताना पुढच्या वर्षीच्या भाषणाची सुरुवात सुचली. चांगली आहे.
सोमवारी कार्यालयात जाऊन तक्रार मागे घेतो. नक्की. पाऊस नसेल तर.