‘मागची चूक’ पुढची रिकामी जागा

संजूचे बाबा,

साडेबाराला मला वाचनालयात बोलायचं आहे. आता दहा वाजलेत. तुम्हाला सांगितल्याशिवाय तिथं उभं राहणं मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून बुधवारची तुमची विज्ञानाची व्याख्यानं बंदच होती. परवा ग्रंथपाल देवघरेभाऊ आले. म्हणाले, वहिनी, लोक जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन येतात, खातात आणि फळ्याकडे बघून परत जातात, तुम्हीच बोला. मी सातवी पास बाई! पण तुमची प्रत्येक तालीम स्वयंपाकघरात मीच ऐकली, तुमची पुस्तकं कितीदा तुमच्या आधी वाचून काढली. हो म्हणून बसले.

मग फळा पाहायला गेले. कोपऱ्यात तुमच्या अक्षरात अजून तसंच आहे, ‘मागची चूक’. नियम तुमचाच. मागच्या बुधवारी काही चुकीचं सांगितलं गेलं असेल तर ते आधी तिथं लिहायचं, मगच नवीन बोलायचं. किती वेळा हसत हसत स्वतःची चूक लिहिलीत तुम्ही! या वेळी पुढची जागा रिकामी आहे. तिथं काय लिहायचं ते मला माहीत आहे.

आठवतं? तुमच्या शेवटच्या बुधवारी उतई गावाहून येणाऱ्या आपल्या भाजीवाल्या फुलबाईनं विचारलं होतं, उन्हाळ्यात एवढं तापतं कशानं. तुम्ही घाईत म्हणालात, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. मी पहिल्या बाकावर होते. ते खरं नाही, हे मी वाचलेलं होतं. जानेवारीत आपण स्वेटर घालून बसतो, तेव्हाच ती सगळ्यात जवळ असते. पण तुम्ही इतके खुशीत होता. वाटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं, आणि शनिवारी तुमच्या छातीत कळ आली.

असे कसे हो गेलात, चूक तशीच ठेवून?

फुलबाईनं ते नातीला सांगितलं. नातीनं परीक्षेत लिहिलं, गुण गेले. फुलबाई शाळेत जाऊन बाईंशी भांडली. मला म्हणाली, “साहेब कहे रिहिस, त सच होही.” साहेब म्हणाले, म्हणजे ते खरंच असणार. मी मान खाली घालून भेंडी निवडत राहिले. ती तुमच्यासाठी भांडून आली आणि मी गप्प!

काल जेवताना संजूला सगळं सांगितलं.

“आई, रहने दे न. लोक बाबाले किती मानतात. अन् तू पहिल्याच दिवशी त्यायचीच चूक दाखवून राहिली?”

“नियम त्यायचाच होता, बाबू.”

“नियमवाले गेले न, आई.”

ताट तसंच ठेवून उठला. सकाळी तसाच ड्यूटीवर गेला. येईल की नाही, माहीत नाही.

खरं सांगू? फळा पाहायला गेले तेव्हा ओलं फडकं माझ्या हातात होतं. दोन शब्द पुसले असते, तर कोणाला कळलं असतं? पण मग त्या पोरीचं काय? ती आयुष्यभर तेच खरं मानून चालली असती, तुमच्या नावावर.

पिशवीत गोल वांगं आणि टॉर्च आहे. वांगं फुलबाईकडचंच. देठ तिरपा धरून टॉर्चभोवती फिरवलं की दिसतं, आपली बाजू सूर्याकडे झुकली की ऊन सरळ पडतं, दिवस मोठा होतो. सहा महिन्यांनी तीच बाजू पलीकडे कलते. चार वेळा करून पाहिलं. तुम्ही असता तर विचारलं असतं, भरीत केव्हा?

फुलबाईला पहिल्या बाकावर बसायला सांगितलंय, नातीला घेऊन.

तर ऐका. ती जागा मी भरीन, तुमचं नाव घेऊन, मोठ्या अक्षरात. खाली आणखी एक ओळ लिहीन, की हे मला त्याच दिवशी माहीत होतं आणि मी बोलले नाही. आवाज फुटला नाही तरी खडू चालेल. पुढच्या बुधवारी तिथं माझी चूक असेल, त्यानंतर आणखी कोणाची. पुढची जागा दर बुधवारी पुसली जाईल. तुमच्या हातचे ते दोन शब्द मात्र मी कोणाला पुसू देणार नाही.

तुमची, आज बाकावरून उठणारी,
शांता