सिंहाची आयाळ आणि चारशे बारा घरं

३ ऑगस्ट १९९७, रविवार

चष्मा सापडला! कुठं? पिठाच्या डब्यात! तीन दिवस घर पालथं घातलं आणि हा पठ्ठ्या ज्वारीच्या पिठात गाडलेला. बनाबाई म्हणाली, "तुमचंच काम. दुसरं कोन ठेवनार?" खरंच आहे. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच, आणि तिची आठवण म्हणजे दगडावरची रेघ. म्हणजे मीच.

माझ्या वडलांचं, आबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तर आपल्याच दारात उभे राहून विचारायचे, "ह्ये कुनाचं घर रं?" चौतीस वर्षं फलटणात टपाल वाटलं मी, एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. आता माझी पाळी की काय? कुणाला बोललो नाही, फक्त पोराला, रोहनला.

पोरगा दुपारी शिरवळहून आला. कंपनीनं ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं, तिकडून माझ्यासाठी गोळ्यांची बाटली आणलीय. वर चित्र – पांढरं, केसाळ, लोंबतं काहीतरी. म्हणाला, "आप्पा, अळंबी आहे ही. इंग्रजीत सिंहाची आयाळ म्हणतात. तिकडची म्हातारी माणसं मेंदूसाठी खातात. खात्री नाही, पण खाऊन बघा."

बनाबाई ओरडली, "कुत्र्याच्या छत्र्या खाऊन मरायचंय व्हय!"

४ ऑगस्ट

दोन गोळ्या चावून खाल्ल्या. चव – पावसात भिजलेल्या टपालाच्या पोत्याची! अजून आयाळ फुटली नाही. टक्कल जसंच्या तसं.

६ ऑगस्ट

परीक्षा ठरवली. पोस्टात रोज सकाळी मी पत्रं घरांच्या ओळीनं लावायचो. चालता चालता गड्डीत हात घातला की वरचं पत्र समोरच्याच दाराचं निघायचं! आता तीच गड्डी डोक्यात लावायची. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, नावानिशी. एकूण चारशे बारा घरं. घरांच्या यादीची माझी जुनी वही चांदसाहेबाच्या हातात दिली. त्याचं सायकलीचं दुकान, माझी सायकल त्यानंच जन्मभर जगवली. तो मास्तर, मी विद्यार्थी.

आज एक्क्याण्णव घरांवर अडलो. चांदसाहेब म्हणाला, "लय झालं की आप्पासो! मला माझी सात पोरं ओळीनं सांगता येत न्हाईत."

१० ऑगस्ट

एकशे अठ्ठ्याहत्तर!!

१३ ऑगस्ट

आज चहात मीठ. बनाबाई म्हणाली, "बरन्या तुमीच हलवल्या असनार." हलवल्या असतील बुवा. तोंड वाकडं करत, हसत हसत दोघांनीही तो कप संपवला. तिला म्हणालो, "चहा खारट, पन डोकं तल्लख!" ती म्हणाली, "सिंव्ह खाताय तर जरा डरकाळी फोडून दावा." फोडली. शेजारचं कुत्रं पळालं!

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. स्वातंत्र्याला पन्नास, मला दोनशे दोन. पण दोनशे तिसरं घर काही केल्या आठवेना. चांदसाहेब गालात हसतोय, सांगत नाही मेला.

१७ ऑगस्ट

अंघोळ करताना आठवलं! अंगाला साबण तसाच, मी ओरडतोय – "सापडलं, सापडलं!" दोनशे तीन म्हणजे बनाबाईचं माहेर! आणि तेच विसरलो होतो! जोडा मारला पाहिजे मला.

नवीन पोस्टमन होतो तेव्हा. तिचा भाऊ दादासो पलटणीत. मी घंटी वाजवली की ही धावत यायची, डोक्यावर पदर घ्यायची, उंबऱ्यातच थांबायची. पुढं यायची नाही. "आमच्या दादाचं पत्र आलंय का वं?" पत्र नसलं तरी मी त्या दारापुढं घंटी वाजवून जायचो. तेवढंच तोंड दिसायचं! दादासो एकाहत्तरच्या लढाईत गेला. माझ्या हातून त्याचं शेवटचं पत्र त्या घरात गेलंय. ते अजून तिच्या ट्रंकेत आहे.

हे सगळं तिला सांगितलं तर म्हणाली, "आवं, चावटपना बरा ध्यानात ऱ्हातो तुमच्या." लाजली! ह्या वयात! आज लय बरं वाटतंय. भीती पार गेली म्हटलं तरी चालेल.

२० ऑगस्ट

तीनशे साठ. मात्र घराची किल्ली परत हरवली, तांदळात मिळाली. रोहनला विचारायला हवं – ही आयाळ घरं लक्षात ठेवते आणि किल्ल्या विसरते की काय?

२२ ऑगस्ट

चारशे बारा! सगळी! एक चूक नाही! मेलेल्या म्हाताऱ्यांची नावं, विकलेली घरं, मागच्या दारानं पत्र घेणारी ती कजाग मामी – सगळी ओळीनं आली. चांदसाहेबानं वही मिटली आणि मिठीच मारली. "गड्या, सरकारनं तुला उगाच घरी बशिवला!" दुकानात भजी मागवली. मी नाचलो. साठीला टेकलेला माणूस भर रस्त्यात नाचला, बघू देत लोकांना!

दुकानातच बसून लिहितोय, घरी जाईपर्यंत दम निघत नाही. चांदसाहेबाची सायकल घेतलीय. तसाच जातो, दारात घंटी वाजवतो पहिल्यासारखी. बनाबाई बघतच राहील!

२३ ऑगस्ट

काल दारात घंटी वाजवली. बनाबाई धावत आली. डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "पोस्टमन, आमच्या दादाचं पत्र आलंय का वं?"

मी हसलो. मला चेष्टा वाटली. ती हसली नाही. वाट बघत उभी राहिली.

चष्मा पिठात. किल्ली तांदळात. चहात मीठ. त्या डब्यांत माझा हात कधी गेलाय? मी विसरत नव्हतोच. मी एकदाही तिच्याकडं नीट बघितलं नाही.

"आलंय," म्हणालो. "दादा खुशाल हाय."

सकाळच्या गाडीनं मिरजेला निघालोय, मोठ्या डॉक्टरांकडं. बाटलीत बावीस गोळ्या आहेत. खात्री नाही, रोहन म्हणालाच होता. तिच्या पिशवीत टाकल्या.