शेवटचा हातभर तंगूस

आत्याबाई,

तुम्ही मला गळ बांधायला शिकवलं, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा मी त्यावर एकदाच बोलले, तेही थोडंच. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पित्राला तुमच्या नावाचं पान वाढायचं घरात कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि मी आठवण करून देत नाही.

मी तुमच्या घरात आले तेव्हा मला मासा धरतासुद्धा येत नव्हता. माझे आईबाप वडवणीकडचे, दिवाळी झाली की कोयते गुंडाळून ऊसतोडीला जाणारे. मी उसाच्या फडातच वाढले. पोरीला धरणाच्या काठी दिली याचा माझ्या बापाला कोण आनंद झाला होता. "आता हिच्या हातात कोयता येणार न्हाई," असं तो मांडवात येईल त्याला सांगत होता, आणि तुम्ही ते ऐकत होतात. सासरी आल्यावर पहिले काही दिवस मला माशाच्या वासाने उलट्या व्हायच्या. तुम्ही शेजारणींना बोलावून आणायच्या. "बगा, आमच्या सूनबाईला पाण्याची शिसारी येती," म्हणायच्या, आणि त्या हसून जाईपर्यंत मला ओट्यावरून उठू द्यायच्या नाहीत. गावातल्या पुरुषांकडे होड्या होत्या, जाळी होती, मच्छीमार सोसायटीचे ते सभासद. बायका मासे बाजारात नेऊन विकायच्या. काठावर गळ टाकून बसणारी बाई मात्र सगळ्या गावात एकच, तुम्ही. मामंजी गेल्यावर त्यांच्या जागी सोसायटीने तुम्हाला सभासद करून घेतलं होतं. मीटिंगला तुम्ही पुरुषांच्या रांगेत बसायच्या आणि चेअरमनसुद्धा तुमच्याशी जपून बोलायचा.

मला शिकवायचं तुमच्या मनात नव्हतं. तुमच्या लेकाने हट्ट धरला, दोघी बसल्या तर घराला बरं पडेल म्हणाला, म्हणून तुम्ही शिकवलं. चुलीपुढं बसून शिकवलं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली लांब जाड दोरी, तिच्या टोकाला हातभर बारीक तंगूस, नायलॉनचा, पाण्यात दिसणार नाही असा, आणि त्याच्या टोकाला गळ. "सगळं ह्या शेवटच्या हातभरात असतं," तुम्ही म्हणालात. "मासा आंधळा न्हाई. जाड दिसलं की तोंड लावीत न्हाई. आन् गळ खाली बाभळीच्या खोडात अडकला तर एवढंच तुटावं, मागली दोरी वाचावी. म्हणून शेवट बारीक ठिवायचा. समजलं का?" समजलं. गाठ ओढायच्या आधी थुंकीने ओली करायची, नाहीतर तंगूस घासून जळतो. गळाची दांडी डोळ्याजवळ नेऊन पाहायची, गंज धरला असेल तर फेकायचा. रोहूला कणकेची गोळी आणि बारका गळ. मरळीला मोठा गळ आणि जिता बेडूक, तोही ओठातून ओवायचा, पाठीतून नाही, म्हणजे लवकर मरत नाही आणि पाण्यात तडफडत राहतो. हे सांगताना तुमचा चेहरा उजळायचा.

एकदा गाठ ओढताना गळ माझ्या अंगठ्यात गेला. काटा आत, मागं येईना. तुम्ही माझा हात मांडीवर घेतला, आणि मला वाटलं आता ही मायेने काढेल. तुम्ही तो पुढं दाबलात, नखाच्या बाजूने कातडी फाडून टोक बाहेर आलं तसं पक्कडीने तोडलंत. तसाच काढावा लागतो, ते खरं. पण तुम्ही दाबता दाबता थांबलात, माझ्या तोंडाकडे पाहिलंत, आणि मग पुन्हा दाबलंत. "आता बांध," म्हणालात. त्या रक्ताच्या बोटांनी मी गाठ बांधली. ती सैल निघाली म्हणून तुम्ही मला भाकरी दिली नाही.

मग काठावरचे दिवस. तुम्ही दगडावर बसलेल्या, मी तुमच्यापासून हाकेवर. रोहू मला मिळायचा, कधी कटलाही. पण बाजारात मान होता तो मरळीला, आणि मरळ माझ्या हाती एकदाही लागली नाही. बेडकावर यायची, दोरी ताणायची, माझे दंड भरून यायचे, ती वर येऊन पाण्यावर पाठ दाखवायची, आणि झटक्यात सगळं हलकं व्हायचं. ओढून पाहावं तर गळ नाही, शेवटचा तंगूस तुटलेला. होडीतले पुरुष बघायचे. "वहिनी मरळीला नथ घालून सोडतीया," एकजण म्हणाला आणि पाण्यावरून हसणं पसरत गेलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तेवढ्यात तुमची मरळ काठावर घेऊन तिच्या डोक्यात दगड घालत होतात. "हाताला यश लागतं," तुम्ही मला म्हणालात. "तुज्या हाताला कोयत्याची सवय. हे काम तुजं न्हाई." मी रात्रंदिवस त्या हातांकडे बघायचे. मला ते खरं वाटायला लागलं होतं.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, पुढच्या वर्षी आलाच नाही. सिंदफणा नदी नुसती वाळू झाली, धरणाचं पाणी काठापासून लांब लांब सरकत गेलं, आणि आपले गळ ज्या खोडांत अडकायचे ती खोडं कोरड्या चिखलात उभी दिसायला लागली. सोसायटीने जाळी बंद केली. उरलेल्या डोहात होते नव्हते तेवढे मासे दाटले होते, जाळी टाकली असती तर आठवड्यात सगळं संपलं असतं. मीटिंगमध्ये ठरलं, फक्त गळ, आणि एका घरातून एकच माणूस. चेअरमन आपल्या दारात आला. "कोण बसणार ते घरात ठरवा. पण ज्याच्या हाताला मासा लागतो तेच माणूस द्या, जागा वाया घालवू नका." तुमच्या लेकाने ऊसतोडीच्या मुकादमाला शब्द दिला होता. ऊसतोडीला जोडी लागते, एकट्या गड्याला कुणी घेत नाही. म्हणजे त्याच्याबरोबर दोघींपैकी एक जाणार आणि एक राहणार, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं. चेअरमनने दोघींना काठावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. तुम्ही त्या सकाळी माझा गळ स्वतः बांधून दिलात. पहिल्यांदाच. मला वाटलं, माझी बाजू घेताय. मरळ आली, मी ओढली, तंगूस तुटला. तुमच्याही गळाला आली, तुम्ही ओढली, ती बाहेर आली. चेअरमन तुमच्याकडे बघून मान हलवून निघून गेला.

मला दिवस गेले होते. तुम्हाला ठाऊक होतं, कारण माझं ओकणं तुम्ही ऐकत होतात आणि या वेळेस शेजारणींना बोलावलं नाही. ट्रकमध्ये सामान भरताना मी तुमच्या पायाशी बसले. "आत्याबाई, ह्या वर्षी मला ठिवा. बाळंत झाल्यावर पुढल्या साली जाईन." तुम्ही पाय मागं घेतलात. "तुजी आई फडातच बाळंत झाली न्हवं का? तू जगलीस की."

माझं बाळ जगलं नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होते, तेव्हा पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, बायकांनी धोतराचा आडोसा केला. मुलगी होती. तिच्या बापाने उसाच्या बांधाला खड्डा केला. मुकादम दुसऱ्या सकाळी कोपीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आणि मी कोयता घेऊन बाहेर आले.

परत आलो तेव्हा उन्हाळा चढला होता. तुम्ही त्या दिवशी येसूर मसाला घालून मरळीचं कालवण केलं होतं आणि पोटाकडचा मऊ तुकडा माझ्या ताटात वाढला. तोवर तो तुकडा लेकाचा असायचा. तुम्ही मुलीबद्दल काही विचारलं नाही. मी तो तुकडा खाल्ला, आत्याबाई, आणि मला तुमच्याबद्दल बरं वाटलं. ही एक गोष्ट मला अजून सलते.

तेवढ्या महिन्यांत तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाठ दिसेना. दुसऱ्या दिवशी काठावर तुम्ही मला हाक मारली आणि गळ पुढं केलात. "मरळीचा बांधून दे." मी बारीक तंगूस काढला. तुम्ही हाताने चाचपून पाहिला आणि चिडून फेकलात. "ह्यो कशाला? तार लाव." कमरेच्या पिशवीतून तुम्ही मोटरसायकलच्या क्लचच्या केबलची सोडवलेली एक बारीक तार काढलीत, हातभर, दोन्हीकडे फास मारलेली. "मरळीला दात असतात. तंगूस ती एका चाव्यात तोडती."

मी ती तार दोन्ही हातांनी ओढून पाहिली, तुटेना. आपण काय बोलून गेलो ते तुमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तुम्ही माझ्याकडे तोंड वळवलंत, दिसत तर काही नव्हतंच.

"म्हंजी तुमी मला मुद्दाम सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई."

"कावून?"

"दोघीतली एक फडात जायची होती. मी दुष्काळ बघितलेले हायेत, मला आधीच ठाऊक होतं असं साल कवातरी येणार. माजं वय होतं का मोळ्या उचलायचं? मेले असते मी तिथं." तुम्ही थांबलात. "मी माजं बघितलं. तू नसतं बघितलं?"

"तिथं माजी पोर मेली, आत्याबाई."

"ते मला लेकाने सांगितलं," तुम्ही म्हणालात. "तार लाव आता."

मी तार माझ्या दोरीला लावली. तुमचा गळ तुमच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, तुमचं तुम्ही बांधा. दुपारपर्यंत तुम्ही गळाचं भोक बोटांनी शोधत होतात. बोटातून रक्त आलं तरी मदत मागितली नाहीत, आणि मीही हात पुढं केला नाही. त्या दुपारी मला पहिली मरळ मिळाली. पायावर शेपटी आपटत होती आणि मी तिला मुद्दाम तुमच्याजवळ नेऊन टाकली, आवाज ऐकू यावा म्हणून.

त्यानंतर घरातली काठावरची जागा माझी झाली. तुमच्या लेकाबरोबर पुढच्या साली भावकीतली एक विधवा जाऊबाई जोडी म्हणून गेली. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात. मी तुम्हाला वेळेवर जेवायला घातलं, काटे काढून घास भरवला, केस विंचरले. गावात सगळे म्हणायचे, अशी सून मिळायला भाग्य लागतं. आपण दोघी ते ऐकायचो. जाताना तुम्ही पाणी मागितलंत. मी दिलं. क्षमा तुम्ही मागितली नाहीत, आणि त्यासाठी मी तुम्हाला मानते. मागितली असती तर मला खोटं बोलावं लागलं असतं.

मला पुन्हा मूल झालं नाही. धरण पुढं भरलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं. सोसायटीत आता बायका आहेत, मीटिंगला मी पुढं बसते. नव्या मुली येतात, त्यांना मी सगळं दाखवते, तारसुद्धा, पहिल्याच दिवशी. चांगुलपणाने नव्हे. तुमचं काहीही माझ्याजवळ झाकून राहू नये म्हणून.

हे कागद मी कुठं टाकणार आहे ते मला माहीत नाही. तुमच्या फोटोपुढं ठेवणार नाही, एवढं नक्की. मला तुमची आठवण येते असं कुणाला वाटू नये. पण एक आहे. गळाला मोठं काही लागलं, दोरी हातात गाऊ लागली, की मी ओढायच्या आधी तुमच्या त्या दगडाकडे वळून बघते. तिथं दुसरं कुणी असलेलं मला चालत नाही. तुम्हीच असाव्यात, दोन्ही डोळ्यांनी धड, आणि मी ओढते ते बघावं.